पुस्तिका तीच, निकाल वेगळा: बाथच्या ‘पेसेस’ चाचणीचं प्रकरण

इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या प्राथमिक शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांना भीती आणि काळजी हाताळायला शिकवणारा एक कार्यक्रम राबवला गेला. पुस्तिका एकच, धडे तेच, आठवड्याला एक तास याप्रमाणे नऊ तास. काही शाळांत हे तास बाहेरून आलेल्या प्रशिक्षित आरोग्य-कार्यकर्त्यांनी घेतले, काही शाळांत शाळेतल्याच शिक्षकांनी. वर्षभराने मोजलं तेव्हा पहिल्या गटातल्या मुलांची चिंता थोडी कमी भरली. शिक्षकांकडे शिकलेली मुलं मात्र हा कार्यक्रम मुळीच न मिळालेल्या मुलांच्या बरोबरीने उभी होती. आणखी एका वर्षाने पुन्हा मोजलं, तर पहिल्या गटाची आघाडीही उरली नव्हती.

बाथ विद्यापीठाचे पॉल स्टॅलर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही ‘पेसेस’ नावाची चाचणी २०१४ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाली. शाळा आणि मानसिक आरोग्य या विषयावर आपल्याकडेही सध्या कार्यशाळा, पुस्तिका आणि ‘मॉड्यूल’ यांचा सुकाळ आहे, म्हणून हे प्रकरण जरा निवांत उलगडून बघावं असं वाटलं. माझं वाचन असं आहे की पुस्तिकेत काय छापलंय यावर फारसं काही ठरत नाही. ती घेऊन वर्गात कोण उभं राहतं, किती दिवस राहतं आणि त्या वर्गातल्या नेमक्या कोणत्या मुलासाठी राहतं, यावर ठरतं.

कुणालाच त्रास न देणारं मूल

वर्गात दंगा करणारं मूल पहिल्या आठवड्यात सगळ्या शाळेला ठाऊक होतं. चिंतेने पोखरलेलं मूल वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याचा कुणाला त्रासच नसतो. वही नीटनेटकी, गृहपाठ पूर्ण, बाकावर गप्प. उत्तर येत असतं पण हात वर जात नाही. सहलीच्या आदल्या रात्री उलटी होते, सोमवारी सकाळी पोटात दुखतं, आणि डॉक्टरांना पोटात काही सापडत नाही. अशा मुलाबद्दल पालकसभेत सहसा एवढंच ऐकायला मिळतं: “शांत आहे हो, जरा बोलता करा.”

ही चिंता टिकून कशी राहते हे कळलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. समजा, चौथीतल्या एका मुलीला मोठ्याने वाचायची भीती वाटते. तिची पाळी जवळ येते तशी छाती धडधडते. ती बाईंना सांगते, डोकं दुखतंय. बाई म्हणतात, बरं, तू बस, पुढच्याने वाचा. धडधड त्याच क्षणी थांबते. बाईंनी दयाळूपणाच केला, पण मुलीच्या मनात दोन गोष्टी पक्क्या झाल्या: वाचणं खरंच धोक्याचं होतं, आणि सुटका झाली ती न वाचल्यामुळे. पुढच्या वेळी भीती आधीच येऊन बसते. घरीही हेच चालतं. दुकानात तिच्यावतीने आई बोलते, वाढदिवसाला जायचं नसेल तर बाबा फोन करून कळवतात. आईबाप आणि शिक्षक प्रेमापोटी वाट मोकळी करून देत राहतात आणि भीतीला खतपाणी मिळत राहतं. उपचारात करायचं ते याच्या नेमकं उलट: भीतीच्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जायचं, आणि मनात धरलेलं संकट प्रत्यक्षात येत नाही हे मुलाने स्वतः अनुभवायचं.

अशी मुलं किती? इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०१७ मध्ये केलेल्या मोठ्या पाहणीत ५ ते १० वर्षांच्या मुलांपैकी ३.९ टक्के मुलांना निदान करण्याइतका चिंताविकार आढळला. तीसच्या वर्गात साधारण एक मूल. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

मांजर, कोआला आणि मित्रमंडळी

‘पेसेस’मध्ये वापरलेल्या कार्यक्रमाचं नाव ‘फ्रेंड्स’. त्याची वंशावळ मोठी गमतीची आहे. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात फिलिप केंडल यांनी चिंताग्रस्त मुलांसाठी उपचाराची एक पद्धत बसवली. तिचं नाव एका मांजरावरून होतं, ‘कोपिंग कॅट’. १९९४ मध्ये तिची पहिली नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियात ती गेली तेव्हा मांजराचा कोआला झाला. तिथे पॉला बॅरेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक जास्तीची गोष्ट करून पाहिली. काही मुलांना फक्त उपचार दिले, काहींना उपचार आणि शिवाय आईवडिलांना प्रशिक्षण. उपचार संपल्यावर चिंताविकाराच्या निदानातून सुटलेली मुलं पहिल्या गटात ५७ टक्के होती, दुसऱ्यात ८४ टक्के. पुढच्या अभ्यासांत हा फरक इतका ठळक राहिला नाही, पण आईवडिलांचा मुद्दा तिथे एकदा टेबलावर आला तो आलाच.

बॅरेट यांनी पुढे याच सामग्रीतून शाळेच्या आख्ख्या वर्गाला देता येईल असा ‘फ्रेंड्स’ तयार केला. दवाखान्यातला उपचार वर्गातला तास झाला. लसीकरणासारखा विचार होता: कुणाला गरज आहे हे शोधत बसायचं नाही, सगळ्यांनाच द्यायचं. कुणावर शिक्का बसत नाही, कुणी सुटत नाही. ऑस्ट्रेलियातले सुरुवातीचे निकाल चांगले होते, आणि कार्यक्रम देशोदेशी गेला. स्टॅलर्ड यांनीही आधी छोट्या प्रमाणावर तो बाथच्या परिसरात शाळेत जाणाऱ्या परिचारिकांकडून घेऊन पाहिला होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अनुभव उत्साहवर्धक होता. पण त्याला तुलनेचा गट नव्हता, आणि नऊ-दहा वर्षांची मुलं काही महिन्यांत आपोआपही बदलतात.

‘फ्रेंड्स’ या इंग्रजी शब्दाची सात अक्षरं म्हणजे सात पायऱ्यांची आठवण. भावना ओळखायच्या, शरीर सैल सोडायला शिकायचं, मनात येणारे विचार तपासायचे, अडचणीवर उपाय शोधायचे, जमलं की स्वतःला शाबासकी द्यायची, सराव सोडायचा नाही, आणि शेवटी शांत राहायचं. विचारांना रंग दिलेले असतात. ‘मी वाचलं तर सगळे हसतील’ हा लाल विचार. ‘मागच्या वेळी एकच शब्द अडला आणि कुणी हसलं नाही’ हा हिरवा. मुलांना हे पटकन कळतं आणि आवडतंही. लाल-हिरव्याचा तास घेणं शिक्षकालाही सोपं जातं.

कार्यक्रमाचा कस लागतो तो पायऱ्यांच्या योजनेत. वर उल्लेख केलेल्या मुलीसाठी ती अशी दिसेल. पहिल्या पायरीला बंद खोलीत एकटीने मोठ्याने वाचायचं. मग आईसमोर. मग मधल्या सुट्टीत एका मैत्रिणीसमोर. मग वर्ग रिकामा असताना बाईंसमोर. मग चौघांच्या गटात एक ओळ. मग सगळ्या वर्गासमोर एक परिच्छेद. एका पायरीवर धडधड बसेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढच्या पायरीवर जायचं. आता तीस मुलांच्या वर्गात एका तासात हे कसं करणार? वर्गात योजना कागदावर लिहून होते. ती चढायची असते घरी, मधल्या सुट्टीत, दुकानात. घरी करायच्या कामावर म्हणूनच सगळी भिस्त आहे, आणि नेमकं तेच काम गाळायला सगळ्यात सोपं असतं.

चाचणीची मांडणी

‘पेसेस’मध्ये कोण कोणत्या गटात जाणार याची चिठ्ठी मुलाच्या नावाने निघाली नाही, शाळेच्या नावाने निघाली. एकाच शाळेतल्या एका वर्गाला कार्यक्रम दिला आणि शेजारच्या वर्गाला नाही, तर मधल्या सुट्टीत लाल-हिरवे विचार भिंत ओलांडून पलीकडे जातील, आणि शिक्षकही एकमेकांशी बोलतील. म्हणून आख्खी शाळा एका गटात. गट तीन: १४ शाळांत आरोग्य-कार्यकर्त्यांनी घेतलेला ‘फ्रेंड्स’, १४ शाळांत शाळेच्या माणसांनी घेतलेला ‘फ्रेंड्स’, आणि १२ शाळांत नेहमीचा व्यक्तिगत, सामाजिक आणि आरोग्य शिक्षणाचा तास. तेराशेहून जास्त मुलं सहभागी झाली. वर्षभरानंतरच्या मोजणीला त्यातली १,२५७ हजर होती, म्हणजे ९२ टक्के. शाळेत होणाऱ्या अभ्यासांत इतकी गळती रोखणं सोपं नाही. या आकड्याचं श्रेय शाळांनाही द्यायला हवं.

तिसऱ्या गटाला ‘काहीच न मिळालेला’ म्हणणं चुकीचं ठरेल. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत तोवर भावना, मैत्री, भांडण मिटवणं यांवर तास होतच होते. त्यामुळे इथला प्रश्न जरा अवघड होता: शाळा आधीच जे करते त्यापेक्षा ‘फ्रेंड्स’ काही जास्त देतो का?

मोजमाप मुलांनी स्वतः भरलेल्या ३० विधानांच्या प्रश्नावलीवर होतं. प्रत्येक विधानापुढे कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी असे चार पर्याय, त्यांना शून्य ते तीन गुण. एकूण जास्तीत जास्त ९०. जितके गुण जास्त तितकी चिंता आणि उदासी जास्त.

बारा महिन्यांचा निकाल

आरोग्य-कार्यकर्त्यांच्या शाळांतली सरासरी १९.४९ आली. शिक्षकांच्या शाळांतली २२.८६. नेहमीचा तास चालू ठेवलेल्या शाळांतली २२.४८. सुरुवातीचे फरक जमेस धरून हिशेब केला तेव्हा पहिला गट दुसऱ्याच्या ३.९१ गुणांनी आणि तिसऱ्याच्या २.६६ गुणांनी खाली होता. संख्याशास्त्राच्या कसोटीवर दोन्ही फरक टिकले, मात्र नेहमीच्या तासाशी असलेला फरक अगदी काठावर टिकला.

२.६६ गुण म्हणजे किती? या प्रश्नावलीत मुलामुलांमधला फैलावच १५ गुणांच्या आसपास होता. त्या मापाने हा फरक लहान आहे. ९० गुणांच्या पट्टीवर एका सरासरी मुलाने दोन-तीन विधानांपुढे ‘बऱ्याचदा’ऐवजी ‘कधीकधी’वर खूण केली, एवढाच. अशा लहान फरकालाही सार्वजनिक आरोग्यात किंमत असते, कारण तो हजारो मुलांवर पसरलेला असतो. तरी दोन गोष्टी खटकतात. आईवडिलांनी आणि शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांत गटागटांत फरक दिसला नाही. बदल मुलांच्या स्वतःच्या सांगण्यातच होता. शिवाय खर्चाचा हिशेब मांडला तेव्हा पैसे वसूल झाल्याचा पुरावा मिळाला नाही. हा हिशेब सहा महिन्यांपुरता आणि काही मुलांपुरताच होता, हे मात्र सांगायला हवं.

आईवडिलांना आणि शिक्षकांना फरक न दिसणं याचा अर्थ मुलांनी खोटं लिहिलं असा कुणी काढू नये. धडधड आत होते, ती बाहेरच्याला दिसत नाही. हेच तर या दुखण्याचं मूळ आहे. पण दुसरी शक्यताही डोळ्याआड करता येत नाही. ज्या मुलांनी नऊ तास ‘काळजी’ या विषयाची भाषा शिकली, ती त्याच विषयाची प्रश्नावली वेगळ्या तऱ्हेने भरू शकतात. नेमकं काय झालं, हे या चाचणीच्या मांडणीतून सुटत नाही.

शिक्षकांवर खापर फोडण्याआधी

निकाल आल्यावर सोपा निष्कर्ष तयारच होता: शिक्षकांना हे जमत नाही. मला तो पटत नाही. निदान एवढ्या उतावीळपणे काढलेला तरी.

आधी काय घडलं ते पाहू. काही तासांचं ध्वनिमुद्रण करून तपासलं गेलं. बाहेरच्या माणसांनी पुस्तिका जवळजवळ बरहुकूम घेतली. शाळेच्या माणसांच्या तासांत काही भाग सुटत होते, त्यातही घरी करायचं काम. वर्ग चालवलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. बाहेरून आलेला माणूस फक्त त्या एका तासासाठी आलेला असतो. शिक्षकाचा तोच तास गणित आणि इतिहासाच्या मध्ये चिमटलेला असतो. मध्येच कार्यालयातून निरोप येतो, एका मुलाची डबी सापडत नसते, दुसऱ्याच्या नाकातून रक्त येतं. मग पुस्तिकेतला शेवटचा दहा मिनिटांचा भाग, म्हणजे ‘घरी काय कराल’, उद्यावर ढकलला जातो. आणि पायऱ्यांची योजना त्या दहा मिनिटांतच राहत होती.

दुसरं कारण नात्यातलं असावं. हा माझा तर्क आहे, चाचणीचा निष्कर्ष नव्हे. ज्या बाई उद्या माझी वही तपासणार, त्यांच्यासमोर मला त्यांच्याच तासाला हात वर करायची भीती वाटते हे कसं सांगायचं? नऊ आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्याला ते सांगणं सोपं जात असेल.

पण आयर्लंडमध्ये शिक्षकांनी घेतलेल्या ‘फ्रेंड्स’चे चांगले निकाल आले आहेत. तिथे सरकारी शालेय मानसशास्त्र सेवा शिक्षकांना हे प्रशिक्षण देते आणि त्यांच्या पाठीशी उभी राहते. तुलना मात्र प्रतीक्षायादीतल्या मुलांशी होती. नेहमीचा तास मिळणाऱ्या मुलांशी तुलना करण्यापेक्षा ही कसोटी सोपी. तरीही शिक्षक या कामाला नालायक आहेत असं त्यातून म्हणता येत नाही. पाठीशी कुणी आहे का आणि वेळापत्रकात हा तास खरोखर राखलेला आहे का, हे आधी विचारायला हवं.

दोन वर्षांनी

चोवीस महिन्यांनी मोजलं तेव्हा तिन्ही गट एकमेकांजवळ आले होते. आरोग्य-कार्यकर्त्यांच्या शाळांतली मुलं घसरली असं झालं नाही. बाकीच्या दोन गटांतली मुलं सुधारत त्यांच्यापाशी येऊन पोचली. या वयात बहुतेक मुलांची चिंता काळाबरोबर ओसरते, आणि तशीच ती तिन्हीकडे ओसरली. कार्यक्रमाने काही मुलांना तिथे थोडं लवकर पोचवलं, असं फार तर म्हणता येईल.

आता तो ३.९ टक्क्यांचा आकडा. वर्गातल्या तीसपैकी एकोणतीस मुलांना हा विकार नाही. त्यांना नऊ तास जे शिकवलं ते वाईट नाही, पण त्यांच्यात कमी व्हायला फारसं काही नव्हतं. ज्या एका मुलाला गरज होती, त्याला तीसातला एक वाटा मिळाला, आणि तोही बहुधा हात वर न करता. सरासरी त्या एका मुलाबद्दल काहीच सांगत नाही. आख्ख्या वर्गाला देण्याच्या कल्पनेतली ही अडचण फक्त ‘फ्रेंड्स’ची नाही. ब्रिटनमध्येच माध्यमिक शाळांत सजगता-ध्यान शिकवण्याची ‘मिरियड’ नावाची प्रचंड चाचणी झाली. आठ हजारांवर मुलं, ऐंशीहून जास्त शाळा, निकाल २०२२ मध्ये. तिथेही नेहमीच्या तासापेक्षा जास्त काही मिळालं नाही.

नालंदा जिल्ह्यातून आलेला जोडप्रश्न

मांडणीत ‘पेसेस’शी जुळणारा एक अभ्यास आपल्याकडेही झाला आहे, आणि तो गोव्याच्या ‘संगत’ संस्थेचा आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाने तो झाला. मुलं नववीची, म्हणजे वयाने बरीच मोठी, आणि भर चिंतेपेक्षा शाळेतलं एकूण वातावरण, दादागिरी, उदासी यांवर. तीन गट मात्र तेच: काही शाळांत ‘सेहेर मित्र’ नावाचा नेमलेला माणूस, काही शाळांत तेच काम सोपवलेले शिक्षक, बाकीच्या शाळांत फक्त सरकारचा नेहमीचा कार्यक्रम. सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल मांडला. मित्र असलेल्या शाळांत वातावरण स्पष्टपणे सुधारलं, उदासी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांकडे काम सोपवलेल्या शाळांत फरक नाही.

इथवर बाथचीच गोष्ट. पुढे मात्र वाटा फुटतात. सतराव्या महिन्याच्या मोजणीत नालंदामधला परिणाम विरला नव्हता, उलट वाढला होता. माझ्या मते कारण साधं आहे. बाथचे कार्यकर्ते नवव्या तासानंतर निघून गेले. सेहेर मित्र शाळेतच होता. तो व्यावसायिक समुपदेशक नव्हता, पण परिपाठाला उभा राहायचा, भित्तिपत्रक चालवायचा, मुलांनी निनावी चिठ्ठ्या टाकायला ठेवलेली पेटी उघडायचा, आणि जे मूल बोलायला येईल त्याच्याशी एकट्याशी बोलायचा. त्याला गणित शिकवायचं नव्हतं. वयोगट, प्रश्न आणि देश वेगळे असल्यामुळे दोन्ही निकाल एका रांगेत ठेवताना हात आखडता घ्यायला हवा. तरीही दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: ज्याच्याकडे आधीच पूर्ण दिवसाचं काम आहे त्याच्याच डोक्यावर ही जबाबदारी ठेवली, तर ती कागदावर राहते.

शाळा दार म्हणून

इंग्लंडमधलं संशोधन नंतर दुसऱ्या बाजूला वळलं. आधी रेडिंग आणि मग ऑक्सफर्ड विद्यापीठात कॅथी क्रेसवेल यांचा गट बरीच वर्षं उलट टोकाकडून काम करत होता. मुलाला उपचार देण्याऐवजी आईवडिलांनाच पायऱ्यांची योजना करायला शिकवायचं, आणि थेरपिस्टने फोनवरून थोडी साथ द्यायची. मुलाबरोबर दुकानात, बागेत, शेजाऱ्यांकडे जातात ते आईवडील. पायरी चढायची संधी त्यांच्याच हातात असते, आणि वाट मोकळी करून देण्याची सवयही त्यांचीच. १९९६ मध्ये बॅरेट यांनी टेबलावर ठेवलेला मुद्दा इथे वेगळ्या रूपात परत आला.

या पद्धतीची ऑनलाइन आवृत्ती पुढे मुलांच्या मानसिक आरोग्य सेवांमध्ये तपासली गेली. ४४४ कुटुंबांच्या त्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला. आईवडिलांनी संकेतस्थळावरचे धडे करायचे आणि थेरपिस्टशी थोडा वेळ बोलायचं, एवढ्यावर मुलं नेहमीच्या उपचाराइतकीच सुधारली. थेरपिस्टचा वेळ सुमारे ४० टक्के कमी लागला. ज्या देशात मुलांना उपचारासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं तिथे ही बचत म्हणजे दुसऱ्या मुलाचा नंबर लागणं.

पण मूल सेवेपर्यंत पोचलं तर. याच गटाने समाजातल्या चिंताग्रस्त मुलांच्या पालकांची पाहणी केली होती. त्यात बहुतेकांनी कुठे ना कुठे मदत मागितली होती, आणि पुराव्याने सिद्ध झालेला उपचार प्रत्यक्ष मिळालेली मुलं ३ टक्क्यांहूनही कमी होती. म्हणून ‘आयकॅट्स’ हा कार्यक्रम उभा राहिला. प्राथमिक शाळांतल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांना शाळेमार्फत एक अगदी छोटी प्रश्नावली द्यायची, उत्तर प्रत्येक कुटुंबाला कळवायचं, आणि मुलाला चिंतेचा त्रास असावा असं दिसलं तर तीच ऑनलाइन पद्धत देऊ करायची. चार ते सात वर्षांच्या लहानग्यांसाठी ‘मायकॅट्स’ नावाचा जोडअभ्यासही आखला गेला. सरकारने डिसेंबर २०१७ च्या धोरण-मसुद्यात शाळांना जोडलेल्या मानसिक आरोग्य पथकांची घोषणा केली होती. त्या पथकांतले कार्यकर्तेही प्राथमिक शाळेत चिंतेसाठी बहुधा पालकांबरोबरच काम करतात. इथे शिक्षकाने धडा शिकवायचा नाही. त्याने मूल ओळखायला हातभार लावायचा, आणि योजनेत ‘चौघांच्या गटात एक ओळ’ असं लिहिलं असेल त्या दिवशी चौघांचा गट जमवून द्यायचा. हे शिक्षकाला जमण्यासारखं आहे.

या वाटेलाही एक खोच आहे, आणि ती गणितातली आहे. समजा शंभर मुलांत चार जणांना खरा विकार आहे. प्रश्नावली बरी आहे, दहापैकी आठ वेळा बरोबर सांगते. मग चारपैकी तीन मुलं ती पकडेल, आणि उरलेल्या शहाण्णवांपैकी सुमारे एकोणीस मुलांनाही उगाच खूण लावेल. बावीस कुटुंबांना पत्र जाईल, त्यांतल्या तिघांनाच खरी गरज असेल. प्रत्येकाला मोठ्या उपचाराला पाठवायचं म्हटलं तर सेवा कोलमडेल आणि एकोणीस घरांत विनाकारण झोप उडेल. पण पुढे द्यायची मदत स्वस्त असेल, घरच्या घरी करता येणारी असेल, आणि घ्यायची की नाही हे कुटुंबावर सोडलेलं असेल, तर एकोणीस घरांत फार तर काही आईवडील मुलाला दुकानात स्वतःला बोलायला लावतील. ‘आयकॅट्स’मध्ये शोधणं आणि मदत एकाच साखळीत तपासायला घेतली आहेत ती यासाठी. नुसती प्रश्नावली विकत घेणाऱ्या शाळेने हा हिशेब आधी करून बघावा.